लाडाचं नाव आणि शहाणी माणसं

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शहाण्या माणसांचा तोटा नाही. त्यातला एक प्रकार असा, की तो कुणाच्याही घरी गेला आणि अंगणात कुत्रं, ओट्यावर मांजर किंवा कोठ्यात बैल दिसला की आधी नाव विचारतो. नाव ऐकून फस्सकन हसतो. आणि मग ठरलेलं वाक्य टाकतो, "जनावराले जनावरासारखं ठेवावं. हे काय पोरखेळ लावले?"

हे वाक्य मी मास्तरांकडून ऐकलंय, प्रगतिशील शेतकऱ्यांकडून ऐकलंय आणि सुटीत पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडूनही ऐकलंय. इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं : जनावराला ठेवलेलं लाडाचं, येडपट नाव हा पोरखेळ नाही. माणूस जनावराशी जे काही व्यवहार करतो त्यातला तो सगळ्यात जबाबदारीचा व्यवहार आहे. उलट ज्या भारदस्त नावांपुढे हीच शहाणी मंडळी हात जोडतात, पोरखेळ पुष्कळदा तिथेच चाललेला असतो.

आता सविस्तर.

मुळात ही नावं कसली असतात? बहुतेक रंगावरून. ढवळ्या, भुऱ्या, लाल्या, काळू, काबरी, मोरी, कपिली. मग अंगावरच्या खुणेवरून. कपाळावर पांढरा ठिपका असला की चांदी, शेपूट तुटलेलं असलं की लांड्या, शिंगं नसली की भुंडी. काही नावं आल्या वेळेवरून. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीत जन्मलेल्या एका पिल्लाचं नाव पोरांनी 'क्वारंटाईन' ठेवलं होतं, त्याचं आठ दिवसांत 'क्वारंट्या' झालं आणि आता तो चांगला थोराड झालाय तरी क्वारंट्याच आहे. काही नावं स्वभावावरून आणि ही मला सगळ्यात आवडतात. आमच्या चिखली तालुक्यातल्या गावी एक बैल होता, त्याचं नाव 'जावई'. खायला पुढे, वखराला जुंपायची वेळ आली की मान वाकडी. शेजारच्या घरी एक मांजर होती, 'तहसीलदारीण'. समोर काही ठेवल्याशिवाय जागची हलायची नाही. :)

आणि लाडाचं नाव कधी एकच नसतं हेही लक्षात घ्या. घरातली मनी सकाळी दुधाच्या वेळी 'मनुली' असते, दुपारी उन्हात पसरली की 'गादी', पातेलं लवंडलं की 'भवाने', आणि दोन दिवस दिसली नाही की 'माय माझी, कुठं गेली होती वं'. एवढी सगळी नावं त्या मांजराला कळतात का? २०१९ मध्ये जपानमधल्या आत्सुको साइतो या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी घरातल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की मांजर स्वतःचं नाव तसल्याच इतर शब्दांपासून वेगळं ओळखतं. ओ देणं न देणं हा तिच्या मर्जीचा प्रश्न. हे आमच्या आजीला जपानला न जाता ठाऊक होतं, पण शहाण्यांना संशोधन लागतं म्हणून सांगितलं.

आता शहाण्यांचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप : हे नवीन फॅड आहे, टीव्ही-मोबाईलनं आणलेलं. पूर्वी असलं काही नव्हतं.

पूर्वी म्हणजे किती पूर्वी? अथर्ववेदात यमाचे दोन कुत्रे आहेत. त्यांची नावं श्याम आणि शबल. संस्कृतातून ऐकलं की अंगावर काटा येतो. मराठीत आणलं की श्याम म्हणजे काळ्या आणि शबल म्हणजे काबऱ्या. साक्षात मृत्यूच्या दारातल्या कुत्र्यांची नावं आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची आहेत. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात वसिष्ठांची गाय आहे, मागाल ते देणारी, जिच्यासाठी विश्वामित्र सैन्य घेऊन अडून बसले. वसिष्ठ तिला शबला म्हणतात. म्हणजे काबरीच. एवढा मोठा ऋषी, एवढी मोठी गाय, आणि हाक मात्र अंगावरच्या ठिपक्यांवरून! जवळच्या माणसाला तेच आधी दिसतं. लांबून पाहणाऱ्याला ती कामधेनू दिसते.

पोळ्याचंच घ्या. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची. आमच्याकडे पोळा भरतो तेव्हा झडत्या म्हणतात, तोरण तुटतं, आणि मग बैल घरोघर ओवाळायला जातात. दारात ताट घेऊन उभी असलेली बाई 'आले वृषभ' असं म्हणत नाही. "आला माझा भुऱ्या" असंच म्हणते. ही पद्धत टीव्हीच्या किती आधीची आहे ते ज्यानं त्यानं मोजावं.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे. तो म्हणतो, आता जनावराच्या कानात बिल्ला असतो, बारा आकडी नंबर असतो. ओळख पटायला तेवढं पुरे. नावाचं काय काम?

बिल्ल्याला माझा विरोध नाही हे आधीच सांगतो. पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारा आकडी क्रमांक चांगल्या कामाचा आहे. लस कधी दिली ते कळतं, चोरीचं जनावर सापडायला मदत होते. १ जून २०२४ पासून तर राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. ठीकच आहे. पण नंबर जनावराची ओळख सरकारला सांगतो, आणि नाव जनावराची ओळख मालकाला सांगतं. ही दोन वेगळी कामं आहेत.

२०२२ मध्ये लम्पी आला. आमच्या जिल्ह्याला त्याचा मोठा फटका बसला. अंगभर गाठी, ताप, पायाला सूज, उभंही राहवत नाही अशी गुरं गावोगाव पडली. सरकारनं भरपाई ठरवली : दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. माझ्या ओळखीतल्या एका घरी बैल गेला तेव्हा पंचनामा होताना मी तिथे होतो. लिहिणाऱ्यानं वय विचारलं, रंग विचारला, शिंगं कशी ते विचारलं, बिल्ल्याचा नंबर उतरवून घेतला. घरातली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती मधूनमधून एकच सांगत होती, "सोन्या नाव हाय त्याचं. लिव्हा ना." लिहिणारा माणूस भला होता. त्यानं मान हलवली. पण कागदावर त्या नावाला रकानाच नव्हता. दोष कुणाचाच नाही. २५ हजार बैलाचे होते, सोन्याचे नव्हते, आणि म्हातारीला तेवढंच कुणीतरी समजून घ्यायला हवं होतं.

नंबर की नाव हे भांडण फक्त आपल्याकडचं नाही. जेन गुडाल १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेली. तिनं त्यांना नावं ठेवली. पुढे केंब्रिजला गेल्यावर तिथल्या विद्वानांनी तिला सुनावलं की नावं ठेवणं शास्त्रीय नाही, नंबर द्यायला हवे होते. तिनं ऐकलं नाही. तिच्या चिंपांझींमधला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे डेव्हिड ग्रेबियर्ड. म्हणजे करड्या दाढीचा डेव्हिड. आमच्याकडे असता तर सरळ 'दाढ्या' झाला असता. हा दाढ्या गवताची काडी वारुळात घालून वाळव्या काढून खातो हे तिनं पाहिलं आणि हत्यार फक्त माणूसच वापरतो ही समजूत मोडीत निघाली. गुडालबाई १ ऑक्टोबर २०२५ ला वारल्या. नंबर द्या म्हणणाऱ्या विद्वानांची नावं आज कुणाला आठवतात?

आणि ज्यांना फक्त फायद्याची भाषा कळते त्यांच्यासाठी आणखी एक. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या कॅथरीन डग्लस आणि पीटर रोलिन्सन यांनी ५१६ दूध उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी केली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्या गोठ्यांत गाईंना नावानं हाक मारतात तिथे गाईमागे वर्षाला २५८ लिटर दूध जास्त निघत होतं. जगानं त्याच वर्षी त्यांना इग नोबेल देऊन हसून घेतलं. इग नोबेल म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आता नाव घेतलं म्हणून कासेत दूध वाढतं असं मी म्हणत नाही, ते संशोधकही म्हणत नाहीत. ज्याला गाईचं नाव ठाऊक असतं त्याला ती आज कमी का खातेय तेही ठाऊक असतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तोच तर माझा मुद्दा आहे!

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो शहाण्यांकडून येत नाही, पोळलेल्यांकडून येतो. "नाव ठेवू नका बावा, जीव लागते. मंग इकताना लय जड जाते."

हे खरं आहे. ज्या जिल्ह्यात शेती पावसाच्या भरवशावर चालते, तिथे कुटार संपलं, सरकीची ढेप परवडेना, पोरीचं लग्न निघालं की पहिली नजर कोठ्याकडे जाते. त्यात ट्रॅक्टर आला. बैलजोडी वर्षातले थोडे दिवस कामाची आणि बारा महिने खाणारी झाली. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हातारा बैल कुणी घेईना. कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात बोलणारे पुष्कळ आहेत, ते इथे उगाळत नाही. पण त्या म्हाताऱ्या बैलाचं शेवटपर्यंतचं खाणं-पिणं ज्याच्या अंगावर पडलं त्यानं "जीव लावू नका" म्हटलं तर मी त्याला काय शहाणपण शिकवणार?

तरीही सांगतो. नाव न ठेवल्यानं बैल विकताना त्रास कमी होत असेल. पण जो त्रास होतो तोच तर बैलाच्या बाजूनं उभा असतो. बाजारात चार गिऱ्हाईकं आली, त्यातलं सगळ्यात जास्त पैसे देणारं चांगलं दिसत नाही, आणि मालक हजार रुपये कमी घेऊन दुसऱ्याला देतो. असे सौदे मी पाहिलेत. "भुऱ्याले मारू नका, तो बोलल्यावर ऐकते," असं नव्या मालकाला सांगणारे पाहिलेत. ह्या हजार रुपयांचा हिशोब कुठल्या अर्थशास्त्रात बसतो मला माहीत नाही, पण तो नावामुळे झालेला असतो. बिननावाच्या बैलासाठी कुणी हजार रुपये सोडत नाही. नावामुळे जीव लागतो हा नावाचा दोष नाहीच, नाव त्यासाठीच असतं.

चौथा आक्षेप भाषाप्रेमींचा. कुत्र्याला ब्रुनो, सिम्बा, लिओ, ऑस्कर कशाला? आपली मराठी नावं काय मेली? मोत्या, खंड्या, वाघ्या कुठे गेले?

ह्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी काळजी सोडावी. बुलढाण्यात गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसा. नोंदवहीत 'ब्रुनो पाटील', 'सिम्बा देशमुख' असं झोकात लिहिलेलं असतं. आणि बाहेर बाकावर ब्रुनो पाटलाला मांडीवर घेऊन बसलेली बाई म्हणत असते, "ब्रुन्या, सुई टोचल्यावर आरडू नको हं, शोनुल्या." संपला विषय. नाव कुठूनही येऊ दे, तीन महिने आपल्या घरात राहिलं की त्याला 'या' लागतो, 'ली' लागतं, मध्येच एखादं अक्षर गळतं आणि ते आपलं होतं. ऑस्करचा 'ऑस्क्या' होतो. लिओचा 'लिव्या' होतो. टॉमी तर इतका आपला झालाय की तो इंग्रजी आहे हेच कुणाला आठवत नाही. मराठी वाचवायचं काम शब्दकोशातले खंड्या-वाघ्या करत नाहीत, ही बाकावरची बाई करते.

पाचवा आक्षेप कुणी माझ्याकडे घेऊन आलेला नाही, पण तो घेतल्याशिवाय पुढे जाणं लबाडीचं होईल. तो आहे ह्या 'या'चाच. ज्या 'या'नं आपण भुऱ्याचा लाड करतो त्याच 'या'नं आपल्या गावांनी माणसांचा पिढ्यान् पिढ्या अपमान केला. गावकुसाबाहेरच्या साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला गावातलं दहा वर्षांचं पोरगं 'धोंड्या' म्हणून हाक मारायचं आणि म्हाताऱ्यानं 'जी' म्हणून ओ द्यायची. त्याच वेळी कोठ्यातल्या बैलाचं नाव असायचं 'राजा' आणि 'सर्जा'. बैल राजा आणि माणूस धोंड्या. ही गोष्ट ज्याच्या घरात घडली त्याला लाडाच्या नावांचं कौतुक ऐकून कडू हसू येणारच.

म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं की लाड 'या'मध्ये नसतो. लाड असतो हाक मारणाऱ्याच्या पुढच्या वागण्यात. भुऱ्याला भुऱ्या म्हणणारा माणूस पहाटे उठून त्याचं शेण काढतो, पाणी दाखवतो, गोचीड काढतो, पोटफुगी झाली की रात्रभर जागतो. धोंड्याला धोंड्या म्हणणारा काय करायचा? ओट्यावर बसून राहायचा. बैलही राबतोच, त्याला कुणी विचारून जुंपत नाही, हे खोटं नाही. पोळ्याच्या एका पुरणपोळीनं ते फिटत नाही. पण निदान त्या नावाबरोबर त्याच्या वाट्याला कुणाची तरी चाकरी येते. नाव वरून खाली फेकलं की शिवी होते. शेजारी बसून घेतलं की लाड होतो. अक्षरं तीच.

आता मी वळतो त्या भारदस्त नावांकडे, ज्यांना कुणी पोरखेळ म्हणत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं. मोठं नाव आहे. जोडीला गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर दिवशी ५० रुपये अनुदानही ठरलं. गोशाळेतल्या गाईच्या पोटात काही गेलं तर मला आनंदच आहे. पण जी गाय गोशाळेत नाही, एखाद्या अडीच एकरवाल्याच्या कोठ्यात बांधलेली आहे, तिच्या वाट्याला त्यातलं फक्त नाव आलं. तिला कुटार घालणाऱ्या बाईला विचारा गाईचं नाव काय, ती 'राज्यमाता' म्हणणार नाही. ती म्हणेल 'कपिली'. आणि कपिली उद्या आजारी पडली तर रात्री धावणार कोण, हे नाव कुणी ठेवलं त्यावरून आधीच ठरलेलं आहे. ज्यानं कपिली म्हटलं तोच धावणार.

वाघांचं तसंच. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात एक वाघीण होती. वनखात्याच्या कागदावर टी-१. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. २ नोव्हेंबर २०१८ ला रात्री तिला गोळी घालून मारलं. ती योग्य रीतीनं मारली की नाही यावर खूप वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण देशभर जे नाव गाजलं ते 'अवनी'. अवनी म्हणजे पृथ्वी. सुंदर नाव आहे. फक्त ते तिच्या भीतीनं कापूस वेचायला जाणं बंद केलेल्या बायांनी ठेवलेलं नव्हतं. ते शहरात बसून प्राणिप्रेम करणाऱ्यांच्या तोंडून देशभर पसरलं. वाघीण त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर येणार नव्हती. नाव ठेवायला त्यांना एक पैसाही पडला नाही, म्हणून नाव एवढं मोठं ठेवता आलं.

आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला असाच एक पाहुणा आला होता. यवतमाळमधल्याच टिपेश्वर अभयारण्यातून जून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला, विदर्भ-मराठवाड्याची वावरं तुडवत तुडवत १३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि डिसेंबरात बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कागदावर टी१-सी१, आणि वर्तमानपत्रांत 'वॉकर'. सगळ्यांना केवढा अभिमान! बोथ्याच्या घाटातून जाताना लोक गाडीच्या काचा खाली करून बघायचे. मलाही कौतुक होतं, नाही कशाला म्हणू. पण तो का चालला हे किती जणांनी विचारलं? तरुण वाघाला स्वतःची हद्द आणि वाघीण लागते. टिपेश्वर लहान आहे, तिथे जागा नव्हती, आणि ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. जागा आणि जोडीदार शोधत वणवण करणाऱ्याला आपण 'वॉकर' म्हणालो, जसा काही तो सकाळी फिरायला निघाला होता.

त्यापेक्षा ताडोब्याचे गाईड प्रामाणिक. त्यांनी एका वाघाचं नाव 'येडा अण्णा' ठेवलं. ह्या नावात भक्ती नाही, मिरवणं नाही, पण ते ठेवणाऱ्यानं त्या वाघाचा चेहरा आणि चाल रोज पाहिलेली आहे हे नाव ऐकताच कळतं.

शहाण्यांचं झालं. आता थोडं आपल्यातल्यांना, म्हणजे नावं ठेवणाऱ्यांना. कारण नाव म्हणजे जबाबदारी हे एकदा म्हटलं की ते आपल्यालाही लागू होतं.

प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक चहाच्या टपरीपाशी एक कुत्रा असतो आणि त्याला नाव असतं. काळू, शेरू, बिस्कीट. वीस माणसं त्याला नावानं बोलावतात, पार्लेची पुडी फोडतात, फोटो काढतात. त्याच्या लशीचं विचारलं की विसाच्या वीस माणसं इकडेतिकडे बघतात. रेबीज एकदा माणसात लक्षणं दाखवू लागला की जवळजवळ कुणी वाचत नाही, हे चौथीच्या पोरालाही ठाऊक असायला हवं. आणि तो टाळायला कुत्र्याला वर्षाला एक सुई पुरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांना आधी सरसकट निवाऱ्यात हलवायला सांगितलं, मग दहा-बारा दिवसांत नसबंदी आणि लसीकरण करून बहुतेकांना जागच्या जागी सोडायला सांगितलं, आणि ७ नोव्हेंबरला देशभरातल्या शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथून कुत्री हलवायचा आदेश दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी देश भांडला. चावलेल्या पोराच्या आईबापांचं दुःख खरं आहे, त्यापुढे माझा काळू मी मिरवणार नाही.

पण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना विचारावंसं वाटतं की ह्या कुत्र्याला नाव होतं ना? मग ते ठेवणारे कुठे होते? पाच जणांनी वर्गणी काढून काळूला सुई दिली असती, नसबंदीसाठी पालिकेच्या मागे लागले असते, तर अर्धं भांडण उद्भवलंच नसतं. बिस्किटाची पुडी फोडायला हजर आणि सुईच्या वेळी गायब, असा माणूस नाव ठेवतो तेव्हा तो लाड करत नसतो. तो करमणूक करून घेत असतो. त्याच्यात आणि 'अवनी' म्हणणाऱ्यात फरक नाही, फक्त अंतर कमी.

तीच गोष्ट हौसेनं आणलेल्या जातिवंत कुत्र्यांची. पिल्लू असताना 'शोनू', 'लाडू', 'बच्चू', दोन वर्षांनी घरात बाळ आलं किंवा बदली झाली की रात्री गाडीतून नेऊन बायपासला सोडून द्यायचं. ते कुत्रं दुसऱ्या दिवशीही 'लाडू' म्हटल्यावर कान टवकारतं. आपण दिलेला शब्द आपण विसरलो, त्याच्या मात्र लक्षात राहिला. जनावराला नाव परत करता येत नाही हो.

तर शहाण्या मंडळींनो, पुढच्या वेळी कुणी बैलाचं नाव 'जावई' सांगितलं, कुत्र्याचं 'क्वारंट्या' सांगितलं, तर हसा खुशाल. नावच हसण्यासारखं आहे, ठेवणाराही हसूनच ठेवतो. पण हसून झाल्यावर "हे काय पोरखेळ" म्हणू नका. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारा. सुई कधी दिली? खातो काय? म्हातारा झाला की ठेवणार का?

ज्यानं मनापासून नाव ठेवलं असेल तो ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं न अडखळता देईल, शिवाय शेजारी बसवून तासभर त्याच्या खोड्या सांगेल. आणि जो अडखळेल, त्याचं जनावर कितीही भारी नावाचं असो, त्याला अजून नाव मिळालेलं नाही असं समजा.

ता.क. : लिहिताना मांडीवर जी बसली आहे तिचं आजचं नाव 'पेपरवेट'. काल 'भवाने' होतं.